सी-फाइव्ह कॉर्व्हेटला घरच्या गॅरेजमध्ये लाँग ट्यूब हेडर बसवताना

सिलिंडरांतून निघणारा धूर गोळा करणारा ओतीव भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आणि त्याच्या जागी बसवायचे लांब पाइप म्हणजे लाँग ट्यूब हेडर. कॉर्व्हेटच्या एलएस१ इंजिनाच्या मॅनिफोल्डला डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा, असे बारा बोल्ट असतात. एम८ जाडीचे, करंगळीहून बारीक. दोन शनिवार-रविवारांत उरकणारं काम महिनाभर रखडलेलं दिसलं, तर त्यामागे बहुतेक वेळा या बारांपैकी एखादा बोल्टच असतो. म्हणून नव्या पाइपांच्या चकाकीपेक्षा जुने बोल्ट कसे सोडवायचे, याला या लेखात जास्त जागा दिली आहे.

मी हे काम २००२ सालच्या कॉर्व्हेटवर केलं. सी-फाइव्ह म्हणजे १९९७ ते २००४ या वर्षांतली पिढी, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, माझ्या गाडीत ३५० हॉर्सपॉवरचं. राहतो ओहायोत. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीखालच्या प्रत्येक नट-बोल्टात जाऊन बसतं. गाडी आता फक्त ट्रॅकवर चालते, मिड-ओहायोला ट्रेलरवर चढवून नेतो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, त्याबद्दल पुढे बोलतो.

हेडरनं नेमकं काय बदलतं

क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, दोनदा फिरला, म्हणजे ७२० अंश, की आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर ९० अंशांनी एक. क्रम आहे १-८-७-२-६-५-४-३. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या बाजूला, म्हणजे अमेरिकी गाडीत चालकाच्या बाजूला, आणि सम आकड्यांचे उजवीकडे. आता फक्त डावी बाजू बघा. १ नंतर १८० अंशांनी ७ पेटतो, मग २७० अंशांनी ५, मग १८० अंशांनी ३, आणि ३ नंतर अवघ्या ९० अंशांत पुन्हा १. उजवीकडे २ आणि ६ असेच एकमेकांच्या पाठीला लागलेले आहेत. अमेरिकन व्ही-८ चा तो गडगडता, अडखळत्या लयीचा आवाज या असमान अंतरांतूनच येतो.

मूळ मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचा धूर एकाच आखूड पोकळीत ओतला जातो. ३ नंबरचा धूर अजून बाहेर पडतोय तोवर १ नंबरचा झोत त्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप मिळतो आणि चौघे पुढे कलेक्टरमध्ये भेटतात. धुराचा झोत कलेक्टरच्या मोकळ्या जागेत पोहोचला की तिथून कमी दाबाची एक लाट उलटी वर येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतानाच ती पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्याच्यामागे ताजी हवा आत येते. ही वेळ कोणत्या आरपीएमला जुळेल ते पाइपच्या लांबीवर ठरतं.

माझं बालपण कोल्हापूरचं. शिरोलीच्या फाउंड्र्यांत तांबूस उजेडात ओतकाम चालताना पाहत मोठा झालो, त्यामुळे ओतीव लोखंडाला मी नावं ठेवणार नाही. मूळ मॅनिफोल्ड स्वस्त असतो, वर्षानुवर्षं टिकतो, आवाज गिळतो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवतो. रोज ऑफिसला जायच्या गाडीवर तो तसाच राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कायद्याचं

लाँग ट्यूब हेडर लावला की मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच्या जागी राहत नाही. तो काढावा तरी लागतो किंवा बराच मागे सरकतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीला हे चालत नाही. क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये १९९० साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ही मनाई गॅरेजवाल्यांइतकीच गाडीच्या मालकालाही लागू आहे. कॅलिफोर्नियात तर पार्टला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो. ओहायोत धुराची तपासणी फक्त क्लीव्हलँड-अ‍ॅक्रन भागातल्या सात काउंट्यांत होते. त्यावरून बाकीच्या काउंट्यांत कन्व्हर्टर काढला तरी चालतो, असा अर्थ काहीजण काढतात. तो चुकीचा आहे. तपासणी नसली तरी केंद्राचा कायदा आहेच. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर कन्व्हर्टर जागच्या जागी ठेवणारा, परवानगी क्रमांक असलेला आखूड हेडर शोधा. फायदा कमी मिळेल, पण झोप शांत लागेल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या रचनेत असे फेरफार करू देत नाही. बुलेटचे बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.

खरेदी

सी-फाइव्हसाठी प्रायमरी पाइप, म्हणजे एकेका सिलिंडरचे स्वतंत्र पाइप, साधारण दोन मापांत मिळतात: पावणेदोन इंच आणि एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. इंजिन आतून मूळ स्थितीत असेल तर पावणेदोन इंच पुरे. मोठा पाइप घेतला की वरच्या आरपीएमला थोडं मिळतं आणि खालची ओढ जाते. वळणातून बाहेर पडताना हीच खालची ओढ उपयोगी पडते. कलेक्टर बहुतेक तीन इंची असतो.

धातूवर पैसे वाचवू नका. साधं पोलाद दोन-तीन हिवाळ्यांत गंजतं. ४०९ स्टेनलेसवर वरवरचा गंज येतो, पण ते टिकतं. ३०४ सगळ्यांत चांगलं आणि महाग. सिरॅमिक लेप दिलेलं साधं पोलाद हा मधला पर्याय आहे; लेप आतून-बाहेरून दोन्हीकडे असेल तरच घ्या. साध्या पोलादावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं मला पटत नाही. पट्टीत ओल अडकते आणि आतल्या आत पाइप कुजतो.

पेटी आली की लगेच उघडा. गाडी सोडवून ठेवल्यावर हेडर वाकडा निघाला तर हात चोळत बसावं लागतं. फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट भागावर, पोलादी पट्टी उभी धरा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. पट्टीखालून मोठी फट दिसली तर परत पाठवा. मग अंधारात प्रत्येक पाइपमध्ये बॅटरी सोडून वेल्डिंगच्या कडा बघा. उजेडाचा ठिपका दिसला म्हणजे तिथून धूर येणार. मी मागवलेल्या पहिल्या जोडीत कलेक्टरजवळ असा ठिपका दिसला आणि ती जोडी बोल्टला हात लावण्याआधीच परत गेली.

हेडरबरोबर सांधा हवाबंद करणारे नवे, धातूचे थरवाले गॅस्केट घ्या, जुने परत वापरू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी लांबवण्याचे जोड, स्पार्क प्लगच्या टोप्यांवर चढवायचे उष्णतारोधक बाही आणि दोन-तीन जादा एम८ बोल्टही मागवून ठेवा.

हत्यारं

आठ ते बावीस मिलिमीटरचे सॉकेट, लांब-आखूड एक्स्टेन्शन, एक लवचीक सांधा, रॅचेटवाले रिंग पाने, स्पार्क प्लगचा सॉकेट आणि सेन्सरसाठी खाच असलेला बावीसचा सॉकेट. टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारे पाने, दोन असावेत: एक छोटा, १० ते ३० न्यूटन मीटर नेमका दाखवणारा, आणि एक मोठा. मोठ्यावर १५ न्यूटन मीटर मोजायला गेलात तर बोल्ट तुटेपर्यंत कळत नाही. जिथे सॉकेट शिरत नाही तिथे कावळ्याच्या पायासारखा उघडा जोड टॉर्क रेंचला काटकोनात लावा. काटकोनात लावला तर आकडा तोच राहतो, सरळ रेषेत लावला तर बदलतो. गंज सोडवणारं तेल, एम८ चे आटे साफ करणारं हत्यार, अ‍ॅसिटोन, हातमोजे, चष्मा, अग्निशामक.

आणि एक माणूस. हेडर खालून वर ढकलताना वरून दिशा सांगणारा कुणीतरी हवाच. माझ्याकडे माझी मुलगी होती. "बाबा, अजून बोटभर डावीकडे" हे वाक्य तिनं त्या दिवशी किती वेळा म्हटलं त्याची गणती नाही.

गाडी उचलणं

लाँग ट्यूब हेडर खालून आत जातो, म्हणून गाडी चांगली उंच लागते. जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळी जागा मिळाली की काम सुकर होतं. पक्क्या काँक्रीटवरच उचला, डांबरात स्टँडचे पाय रुततात.

सी-फाइव्हचे बाहेरचे पत्रे म्हणजे पत्रे नाहीतच, ते काँपोझिट आहेत. दरवाज्याखालच्या कडेला जॅक लावला की ती कड तडकते. चासीच्या पोलादी रुळांत चार लांबट भोकं आहेत. त्यांत बसणारे रबरी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे मिळतात, जॅक त्यांनाच लावा. चारी स्टँड क्रेडलच्या (सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) रुंद, सपाट भागाखाली रबर ठेवून लावा. मग गाडीखाली जाण्याआधी बंपरला धरून तिला जोरात हलवा. डुलली तर स्टँड पुन्हा मांडा. काढलेली चाकं आडवी करून रुळांखाली सरकवून ठेवा. जीव त्या गाडीखाली असणार आहे, इथे अर्धा तास जास्त गेला तर जाऊ द्या.

सोडवणं

आदल्या दिवशी संध्याकाळी, इंजिन गार असताना, बाराही बोल्टांच्या माना आणि कलेक्टरचे नट तेलानं भिजवा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा, सकाळी उठल्यावर पुन्हा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल फवारू नका, पेट घेतं.

सकाळी पहिल्यांदा बॅटरीची ऋण वायर काढा. सी-फाइव्हमध्ये बॅटरी जोडली-तोडली की खिडक्या दरवाजा उघडताना आपोआप थोड्या खाली यायचं विसरतात. नंतर ते पुन्हा शिकवावं लागतं, घाबरू नका. आता मोबाइलनं प्रत्येक वायरीचा, प्रत्येक क्लिपचा फोटो काढा. सहा दिवसांनी हे फोटो सोन्याच्या मोलाचे वाटतात.

कॉइल व्हॉल्व्ह कव्हरवरच असतात, त्यांच्यापासून प्लगपर्यंत आखूड वायरी येतात. वायर ओढू नका. टोपी धरून अर्धा वळसा द्या आणि मग ओढा. आठही प्लग काढून घ्या. हेडर आत घालताना चिनी मातीचा भाग हमखास तुटतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग गार इंजिनावरच सोडवायचे. मागचे ७ आणि ८ नंबर फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी, दडलेले असतात. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही, बोटांनीच शोधावे लागतात.

मग ऑक्सिजन सेन्सरचे चारही कनेक्टर. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून डावा-पुढचा, उजवा-मागचा असं लिहा. इथला आळस नंतर फार महागात पडतो. मॅनिफोल्डला जोडलेल्या एअर इंजेक्शनच्या नळ्या, उष्णतेचे पत्रे, ऑइलच्या डिपस्टिकची नळी हेही काढून बाजूला ठेवा. गिअरबॉक्स या गाडीत मागच्या चाकांपाशी आहे, त्यामुळे इंजिनाच्या मागे-खाली हात घालायला बऱ्यापैकी जागा मिळते. मधल्या बोगद्याला खालून झाकणारी जाड प्लेट काढायची वेळ आली तर तिचे सगळे बोल्ट परत लावा, चासीचा ताठपणा तिच्यावर अवलंबून आहे.

आता मॅनिफोल्डचे बोल्ट. पाव वळसा सोडवा, मग त्याच्या निम्मा परत आवळा. तेल. पुन्हा थोडा जास्त सोडवा, पुन्हा थोडा आवळा. आट्यांतला गंज असा दळला जातो आणि तेल आत उतरतं. हाताला काय जाणवतंय इकडे लक्ष ठेवा. बोल्ट कुरकुरला, टचकन आवाज करून सुटला, तर उत्तम. तो रबरासारखा नुसता वळत राहिला, पाना सोडला की परत येऊ लागला, तर त्याच क्षणी थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. अजून पाव वळसा दिलात तर डोकं हातात येईल.

अशा बोल्टाला ऊब द्या. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे कोमट हेडची पकड थोडी सैल होते. तेल आधी नीट पुसून, हीट गननं बोल्टाभोवतीचा भाग तापवा आणि पुन्हा तोच मागे-पुढे करण्याचा खेळ. मशीनच्या, ठोके देणाऱ्या गनचा मोह टाळा. ती बोल्ट पिळला जातोय हे हाताला कळू देत नाही.

तुटलाच तर

माझा डावीकडचा सगळ्यांत मागचा तुटला. दुपारचे तीन वाजले होते, मी पाना खाली ठेवला, हात धुतले आणि त्या दिवशी पुन्हा गाडीला हात लावला नाही. तो निर्णय मी आजही योग्य मानतो. वैतागलेल्या हातानं ड्रिल धरलं की अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं आणि मग हेडच उतरवावं लागतं.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर मॅनिफोल्ड काढून घ्या आणि तुकड्याला घट्ट पकडणारा पकड-पाना लावा. मॅनिफोल्डचा ताण गेल्यावर असे तुकडे पुष्कळदा सहज फिरतात. तुकडा आत, पातळीला तुटला असेल तर सगळ्यांत खात्रीचा उपाय वेल्डिंगचा. तुकड्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड करायचं. वितळलेलं पोलाद अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, तुकड्याला चिकटतं, आणि त्या उष्णतेनं गंजाची पकडही मोडते. वेल्ड करण्याआधी बॅटरी आणि इंजिनाचा कॉम्प्युटर दोन्ही वायरींपासून वेगळे केलेले असावेत. वेल्डिंग येत नसेल तर येणाऱ्याला घरी बोलवा.

ड्रिलनं काढायचं असेल तर आधी अगदी मधोमध सेंटर पंच मारा. मधोमध म्हणजे मधोमधच, त्यासाठी आरसा आणि वेळ दोन्ही लागतात. मग उलट्या दिशेनं फिरणारा, डाव्या हाताचा ड्रिल बिट, तीन मिलिमीटरपासून सुरुवात. पुष्कळदा बिटच तुकड्याला पकडून बाहेर काढतो. तुटके बोल्ट उलटे फिरवून काढणारे स्वस्तातले इझी-आउट वापरू नका. ते कडक पोलादाचे असतात, आत तुटले तर साध्या ड्रिलनं कापले जात नाहीत. आटे गेलेच तर एम८ चा हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा नवा आटा, बसवता येतो आणि तो मूळ आट्यांहून मजबूत असतो.

माझा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या वेल्डला निघाला.

सफाई आणि कोरडी जुळवणी

प्रत्येक पोर्टमध्ये स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबा आणि किती बोळे कोंबले ते मोजून लिहून ठेवा. हेडची बाजू प्लास्टिकच्या पट्टीनं आणि नायलॉनच्या घासणीनं साफ करा. अ‍ॅल्युमिनियमवर सँडपेपर किंवा फिरणारी चकती चालवू नका. आट्यांत एम८ चं साफ करणारं हत्यार हातानं फिरवा. आटे पाडणारा टॅप वापरला तर तो धातू खातो आणि आटे सैल होतात. बोळे काढा, मोजा.

आता हेडर खालून वर. डावीकडे स्टीयरिंगचा दांडा आडवा येतो. काही हेडरांच्या सूचनांत तो सोडायला सांगितलेला असतो. सोडायचा झाल्यास आधी दांड्यावर आणि सांध्यावर एक सलग पांढरी रेघ मारा, चाक सरळ करा आणि स्टीयरिंग सीटबेल्टनं बांधून ठेवा. दांडा सुटा असताना स्टीयरिंग फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते आणि दुरुस्तीचा खर्च हेडरच्या जवळपास जातो. उजवीकडे स्टार्टर वाटेत येतो. माझा मी उतरवला, दहा मिनिटांत झालं.

दोन्ही हेडर आत गेल्यावर गॅस्केट न लावता दोन-दोन बोल्ट बोटांनी लावून गाडीभोवती एक फेरी मारा. पाइप कुठे टेकतोय का? स्टीयरिंगचा दांडा, स्टार्टरची जाड वायर, ब्रेकच्या नळ्या, चासीचा रूळ, प्लगच्या टोप्या. निदान अर्धा इंच जागा सगळीकडे हवी. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं आहे, जोरात थ्रॉटल दिला की ते कुशीवर वळतं. उभ्या गाडीत दोन मिलिमीटर दिसणारी फट ट्रॅकवर शून्य होते.

आवळणं

गॅस्केट कोरडं लावा. त्यावर सिलिकॉन किंवा कसलीही लुकण नको. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. सगळे बोल्ट बोटांनीच तीन-चार आटे आत जाऊ द्या. एकही बोल्ट पान्यानं सुरू करू नका; तिरपा गेला तर आटे गेलेच.

मग मागचे पाइप, कलेक्टरचे क्लँप, मधला जोड, सगळं सैल लावा. मफलरपर्यंत पूर्ण ओळ जुळली, पाइप कुठेही ताणून बसवावा लागत नाहीये, याची खात्री झाल्यावरच पुढून मागे आवळत जा. आधी हेडर आवळला आणि मग मागचे पाइप ओढून-ताणून जोडले, तर तो ताण कायम हेडरच्या गॅस्केटवर राहतो. गळती सुरू होते ती इथूनच.

हेडर हेडला धरणारे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं आवळा. पहिली फेरी १५ न्यूटन मीटर, दुसरी २५. हे आकडे मूळ बोल्टांसाठी जनरल मोटर्सनं दिलेले आहेत. हेडरबरोबर वेगळे बोल्ट आले असतील तर त्यांच्या कागदावरचा आकडा घ्या. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या.

स्पार्क प्लग आधी बोटांनी, रबरी नळीचा तुकडा टोकाला लावून फिरवले तर मागच्या जागीही सरळ जातात. शेवटी १५ न्यूटन मीटर. टोप्यांवर बाही चढवा आणि वायरी पाइपापासून दूर वळवून ठेवा.

सेन्सर आणि उष्णता

सेन्सरच्या आट्यांना निकेलचं अँटी-सीझ अगदी थोडं लावा, टोकाला स्पर्शही होऊ देऊ नका. नव्या सेन्सरला ते लावूनच येतं. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात असावा. खाली असला तर साचलेलं पाणी त्याला मारतं. पुढचे सेन्सर आता मागे गेले आहेत, म्हणून वायरी जोड लावून लांबवा आणि त्या चासीला बांधा. स्टार्टर आणि त्याच्या वायरीभोवती उष्णतारोधक आवरण घाला. केबिन या गाडीत मुळातच तापतं, हेडरनंतर पाय आणखी भाजतात. कार्पेटखाली उष्णतारोधक थर घालायचा विचार असेल तर तो याच वेळी घाला.

सुरू करण्याआधी

पाइपांवरचे हातांचे डाग अ‍ॅसिटोननं पुसा, नाहीतर बोटांचे ठसे तापून स्टेनलेसवर कायमचे उमटतात. मग गळती शोधा, इंजिन बंद असतानाच. दुकानी व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावा, ती एका टेलपाइपमध्ये फडक्यानं घट्ट बसवा, दुसरे टेलपाइप बुजवा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. फुगे आले तिथे गळती. वरून आवाज ऐकत शोधण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं आहे. पुढच्या सेन्सरआधी गळती राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल घालत राहतो.

गाडी बाहेर, मोकळ्या हवेत ढकला. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. अग्निशामक हाताशी ठेवून सुरू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं निळसर धूर येईल, कारखान्याचं तेल जळतंय. तो विरायला हवा. पाइप आधी सोनेरी होतील, नंतर निळे.

इंजिनाचा दिवा लागला तर सी-फाइव्ह स्वतःच कोड सांगते. इग्निशन चालू करा, डॅशबोर्डवरचे संदेश रीसेट करून घालवा, मग ऑप्शन्सचं बटण दाबून धरून फ्युएलचं चार वेळा दाबा. पी०३०० म्हणजे सिलिंडर नीट पेटत नाहीयेत; बहुधा प्लगची एखादी टोपी नीट बसलेली नसते. पी०४२० आणि पी०४३० कन्व्हर्टरचे आहेत. स्कॅनरवर एका बाजूचं फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) वर आणि दुसऱ्या बाजूचं तितकंच खाली धावत असेल, तर डावा-उजवा सेन्सर अदलाबदल झाला आहे. चिकटपट्टीवर नावं लिहायला सांगितलं होतं ते यासाठी.

हळू चालवताना कॉम्प्युटर सेन्सर बघून मिश्रण स्वतः सावरतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो साठवलेल्या आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे जुन्या मॅनिफोल्डसाठी आहेत. म्हणून डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग करून घेतल्याशिवाय जोरात चालवू नका. त्यानंतर चाकांवर साधारण १५ ते २५ हॉर्सपॉवर जास्त मिळते.

गाडी एकदा पूर्ण तापून पूर्ण गार झाली की बाराही बोल्ट पुन्हा २५ वर तपासा. माझे चार थोडे सरकले. दोन-तीन वेळा तापल्यानंतर पुन्हा एकदा बघा, तेव्हा बहुधा एकही हलत नाही. पहिल्या ट्रॅक डेनंतर गाडी परत स्टँडवर चढवा आणि बॅटरीच्या उजेडात दोन खुणा शोधा: सांध्यापाशी काजळीची काळी रेघ म्हणजे गळती, आणि निळ्या पाइपावर चकाकणारा घासलेला ठिपका म्हणजे तो कुठेतरी टेकतोय. माझ्या डाव्या कलेक्टरवर चण्याच्या डाळीएवढा असा ठिपका होता. मागचा क्लँप सैल करून पाइप बोटभर खाली घेतला.